परसबागेतील रोप : निवड, खरेदी आणि कायद्याचे संरक्षण

जून महिन्यात पहिला पाऊस झाला की रोपवाटिकांसमोर ग्राहकांची गर्दी होऊ लागते. अशाच एखाद्या रोपवाटिकेतून आंब्याचे कलम घरी आणले जाते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर जातीचे नाव लिहिलेले असते. खड्डा खणला जातो, शेणखत घातले जाते, आधाराला काठी बांधली जाते. त्यानंतर चार-पाच वर्षे घरातील माणसे त्या झाडाला पाणी घालीत राहतात. पहिले फळ हाती येते तेव्हा ते चिठ्ठीवरील जातीचे नाही, हे प्रथमच कळते. तोवर चिठ्ठी कुजून गेलेली असते, विक्रेत्याला ग्राहक आठवत नाही आणि अंगणातील ती जागाही अडून बसलेली असते.

रोपाची किंमत तशी किरकोळ असते. खरे नुकसान गेलेल्या वर्षांचे असते. देशातील शहरी आणि ग्रामीण कुटुंबे दर हंगामात जी फुलझाडे, फळझाडे व भाजीपाल्याची रोपे विकत घेतात, त्या व्यवहारात हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. शासनाच्या पोषण अभियानाने (२०१८) पोषण वाटिकेची, म्हणजे घराच्या किंवा अंगणवाडीच्या आवारातील भाजीपाल्याच्या बागेची कल्पना पुढे आणल्यापासून त्याला आहाराचाही संदर्भ प्राप्त झाला आहे. रोपांच्या या बाजारपेठेचे स्वरूप, तिच्यावरील कायद्याची पकड आणि ग्राहकाच्या हाती उरणारी साधने यांचा येथे विचार केला आहे.

माहितीच्या विषमतेची बाजारपेठ

विक्रेत्याला वस्तूविषयी जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजारपेठ कशी बिघडते, याचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. या विषयावरील कार्यासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चांगली व सदोष वस्तू यांतील फरक ग्राहकाला खरेदीच्या वेळी ओळखता येत नसल्याने तो सरासरी गुणवत्तेचीच किंमत द्यावयास तयार होतो. या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही. म्हणून चांगला विक्रेता हळूहळू मागे सरतो आणि बाजारात निकृष्ट मालाचे प्रमाण वाढते.

कलमांच्या बाजारात नेमके हेच घडते. खात्रीच्या मातृवृक्षावरून कलमकाडी घेणे, मातृवृक्ष निरोगी राखणे, खुंटरोप योग्य जातीचे निवडणे या प्रत्येक गोष्टीला खर्च येतो. मिळेल त्या झाडाची काडी मिळेल त्या खुंटावर बांधणाऱ्यास हा खर्च नाही. दोन्हींची कलमे विक्रीस ठेवली जातात तेव्हा मात्र ती सारखीच हिरवी व टवटवीत दिसतात.

अकरलॉफ यांच्या लेखाच्या शीर्षकात सदोष मोटारीसाठी अमेरिकन बोलीतील 'लेमन' हा शब्द आला आहे. योगायोग असा की, बियांपासून केलेले रोप बहुतांशी मूळ झाडासारखेच निघते अशा मोजक्या फळझाडांपैकी आपले कागदी लिंबू हे एक आहे. त्याच्या एका बीमध्ये एकाहून अधिक भ्रूण असतात व त्यांतील बरेचसे मातेच्याच पेशींपासून तयार झालेले असतात. या गुणधर्मास बहुभ्रूणता म्हणतात. त्यामुळे कागदी लिंबाचे बियांपासूनचे रोप घेणाऱ्याची सहसा फसगत होत नाही. हापूस किंवा दशेहरी आंब्याची गोष्ट वेगळी. त्यांच्या कोयीत एकच भ्रूण असतो व तो परागीकरणातून आलेला असल्याने त्या कोयीपासून वाढलेले झाड मातृवृक्षासारखे निघत नाही. तेथे कलमाला पर्याय नाही. पश्चिम किनाऱ्यावरील काही आंबे मात्र बहुभ्रूणी असून त्यांची रोपे एकसारखी निघतात. म्हणूनच खुंटरोपांसाठी त्यांना पसंती दिली जाते.

पपईबाबत अडचण निराळी आहे. तिच्या अनेक जातींत नर व मादी झाडे स्वतंत्र असतात आणि फुले येईपर्यंत त्यांत भेद करता येत नाही. एकच रोप आणून लावले व ते नर निघाले, तर फळ मिळत नाही. यासाठी अशा जातींची एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नर काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे. 'कूर्ग हनी ड्यू' व 'पुसा डेलिशस' यांसारख्या जातींत केवळ मादी व उभयलिंगी झाडे निघत असल्याने छोट्या अंगणासाठी त्या सोयीच्या ठरतात. कोकमातही नर-मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढविलेल्या रोपांतील निम्मी नर निघण्याची शक्यता असते व ते कळावयास काही वर्षे जावी लागतात. मादी झाडाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम घेतल्यास हा धोका राहत नाही. कोकणातील परसबागांत कोकमाच्या कलमांना मागणी येण्यामागे हे कारण आहे.

कायद्याच्या कक्षेत कोण, बाहेर कोण?

रोपे व बियाणे यांच्या विक्रीचे नियमन करणारा मूळ केंद्रीय कायदा म्हणजे बियाणे अधिनियम, १९६६. त्यातील 'बियाणे' या संज्ञेची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. अन्नपिकांचे बियाणे (यात खाद्य तेलबिया, फळे व भाजीपाला यांचा समावेश होतो), कापसाचे बियाणे, गुरांच्या चाऱ्याचे बियाणे आणि ताग एवढ्यांना ती लागू होते. अन्नपिके व चारापिके यांच्या बाबतीत रोपे, कंद, मुळे, छाट कलमे आणि सर्व प्रकारची कलमेही बियाण्यातच मोडतात. या यादीची रचना राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीशी जुळते, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. अन्नपदार्थ, चारा, कच्चा कापूस व कच्चा ताग यांचा व्यापार हा त्या नोंदीचा विषय आहे. 'कृषी' हा विषय मात्र राज्य सूचीत (नोंद १४) असून कीड व वनस्पतिरोग यांच्या प्रतिबंधाचाही तेथेच उल्लेख आहे. कीड वा रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा पुन्हा समवर्ती सूचीचा (नोंद २९) विषय होय.

या मांडणीचा परिणाम असा की, आंब्याचे कलम १९६६ च्या कायद्याच्या व्याख्येत बसते. गुलाबाचे, जास्वंदीचे वा क्रोटनचे बसत नाही. घरगुती बागेसाठी होणाऱ्या खरेदीत शोभेच्या झाडांचा वाटा मोठा असूनही देशाच्या मूळ बियाणे कायद्याने त्यांची दखल घेतलेली नाही. जे व्याख्येत येते त्यालाही पूर्ण संरक्षण नाही. कलम ५ अन्वये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या जातींनाच उगवणक्षमता व शुद्धता यांची किमान मर्यादा आणि लेबलाची सक्ती लागू होते. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. १९६६ च्या अधिनियमात पहिल्या अपराधासाठी कमाल ५०० रुपये दंड ठेवण्यात आला. दुसऱ्यांदा अपराध घडल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहा दशकांपूर्वीच्या या रकमेचा धाक आज कोणाला वाटावा, हा प्रश्नच आहे.

हा कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००४ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या बियाणे विधेयकात रोपवाटिकांच्या नोंदणीची तरतूद होती. ते विधेयक संमत झाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसृत केला. रोपवाटिकांची नोंदणी हा त्यातीलही एक विषय आहे.

केंद्रीय कायद्यातील ही उणीव काही राज्यांनी फळझाडांपुरती भरून काढली. पंजाबने १९६१ मध्येच फळ रोपवाटिका अधिनियम केला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये फळ रोपवाटिकांच्या विनियमनाचा कायदा केला, तर हिमाचल प्रदेशाने आपल्या जुन्या कायद्याच्या जागी २०१५ मध्ये नवा कायदा आणला. पंजाबच्या कायद्यातील तरतुदी या प्रकारच्या विनियमनाचा नमुना म्हणून पाहता येतील. रोपवाटिकेस परवाना आवश्यक. खुंट व कलमकाडी कोठून आणली याची नोंद आवश्यक. ती कोठे लावली आहेत याचा नकाशा आवश्यक. विकलेल्या रोपावर फळाच्या जातीचे नाव आवश्यक. चिठ्ठीवरील नाव खरे आहे की नाही, हे तपासण्याची वाट या नोंदींतूनच निघते. अडचण अंमलबजावणीची आहे. परवानाधारक रोपवाटिकेच्या शेजारीच रस्त्याकडेला हातगाडीवर कलमे विकली जातात व त्यांची कोणतीही नोंद कोठेही होत नाही. जिवंत रोपांवर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही. त्यामुळे किरकोळ विक्रेत्यांना बिल देण्याची निकडही फारशी भासत नाही.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याची भूमिका निराळी आहे. नव्या वाणाच्या पैदासकाराला हक्क देणे आणि त्याच वेळी शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व (ब्रँडविरहित स्वरूपात) विकण्याचा हक्क अबाधित ठेवणे, हा त्याचा गाभा. संरक्षणाचा कमाल कालावधी झाडे व वेली यांच्यासाठी १८ वर्षे, तर इतर पिकांसाठी १५ वर्षे इतका आहे. या कायद्यात गुलाब, शेवंती यांसारख्या शोभेच्या वनस्पतींनाही स्थान मिळाले. नोंदणीकृत वाणाने पैदासकाराने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही, तर शेतकऱ्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते (कलम ३९). गच्चीवरील कुंडीत गुलाब लावणारा नागरिक 'शेतकरी' या व्याख्येत बसतो काय, हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे.

घरगुती ग्राहकाला प्रत्यक्षात अधिक उपयोगी पडणारा कायदा ग्राहक संरक्षणाचा. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी सदोष बियाण्याबद्दल राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले की, बियाणे कायदा अस्तित्वात असला तरी बियाणे घेणाऱ्यास ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. त्या वेळी १९८६ चा ग्राहक संरक्षण अधिनियम लागू होता. जुलै २०२० पासून २०१९ चा अधिनियम अमलात आला. त्यानुसार तक्रार दाव्याचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. फळ येण्यास पाच वर्षे घेणाऱ्या झाडाच्या बाबतीत ते कारण केव्हा उद्भवले, यावर वाद होऊ शकतो. म्हणून जातीचे नाव व दिनांक लिहिलेली पावती हा या साऱ्या प्रकरणातील एकमेव ठोस पुरावा ठरतो आणि ती बहुतेकांकडे नसते.

रोपासोबत येणारे पाहुणे

रोपाच्या पिशवीत माती असते आणि मातीत आणखीही बरेच काही असते. पेरूच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी गेल्या दशकात अनेक राज्यांत पसरली. बाधित रोपांची वाहतूक हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. पाने पिवळी पडू लागतात तेव्हा घरमालक खत घालतो, पाणी वाढवितो. मुळे पाहण्याचे कोणाला सुचत नाही. डाळिंबाच्या तेल्या रोगाने महाराष्ट्रातील बागांचे जे नुकसान केले, त्यातही रोगट मातृवृक्षावरून केलेल्या गुटी कलमांचा हात मोठा होता.

पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण याहून बोलके आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही कीड भारतात २००८ मध्ये कोइम्बतूर येथे प्रथम आढळली. पपई, तुती, टॅपिओका यांबरोबरच जास्वंदीसारख्या घरगुती झाडांवरही ती जगते. त्यामुळे शेतातील फवारणीने तिचा नायनाट होणे शक्य नव्हते. शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिको येथून तिचा नैसर्गिक शत्रू असलेला 'असेरोफॅगस पपाये' हा सूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आला आणि कीड आटोक्यात आली. जैविक कीडनियंत्रणाच्या भारतातील यशस्वी प्रयोगांत त्याची गणना होते. मात्र पिठ्या ढेकूण लागलेली जास्वंदाची कुंडी एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणाऱ्यास अडविण्याची व्यवस्था तेव्हाही नव्हती.

परदेशातून येणाऱ्या वनस्पतींसाठी व्यवस्था आहे. विनाशकारी कीटक व कीड अधिनियम, १९१४ अन्वये काढलेला वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ हा त्याचा आधार. बियाणे वा रोपे आयात करण्यासाठी परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. प्रवासातून परतताना पिशवीत घालून आणलेला कंद वा टपालाने मागविलेली बियांची पाकिटेही यातून सुटत नाहीत. २०२० मध्ये अनेक देशांतील नागरिकांना न मागविलेली, अनोळखी बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली तेव्हा भारताच्या कृषी मंत्रालयानेही ऑगस्ट महिन्यात राज्यांना सावधतेच्या सूचना दिल्या होत्या.

कधी कधी रोप हाच पाहुणा त्रासदायक ठरतो. जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निळसर-जांभळ्या फुलांच्या मोहाने बंगालमध्ये आणली गेली. पुढील काही दशकांत तिने तेथील जलमार्ग व भातशेती यांची अशी कोंडी केली की १९३६ मध्ये तिच्यासाठी खास कायदा करावा लागला. घाणेरी अथवा टणटणी ही त्याच शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील व्याघ्रक्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक भागात तिने शिरकाव केला आहे. तिचे बागायती प्रकार रोपवाटिकांत आजही विकले जातात. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. झपाट्याने वाढणारे, सदैव हिरवे कुंपण म्हणून त्याची शहरांतून सर्रास लागवड झाली; मुळांचा उपद्रव व परागकणांविषयीच्या तक्रारी यांमुळे गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

संरक्षित वनस्पतींचा मुद्दा ग्राहकाच्या लक्षातही येत नाही. निळे व लाल वांडा, लेडीज स्लिपर ऑर्किड, घटपर्णी, बेडोमचा सायकस आणि कुठ या सहा वनस्पतींचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची सहामध्ये करण्यात आला होता. २०२२ च्या सुधारणेनंतर संरक्षित वनस्पतींची यादी अनुसूची तीनमध्ये आहे. परवान्याशिवाय यांची लागवड वा व्यापार करता येत नाही. डोंगराळ प्रदेशात पर्यटनास गेलेल्या माणसाला रस्त्यावर स्वस्तात मिळणारे ऑर्किड जंगलातून ओरबाडून आणलेले असू शकते.

हंगाम आणि पारख

रोपे कधी घ्यावीत, याचे उत्तर देशभर एक नाही. सदाहरित फळझाडे व झुडपे यांची लागवड नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या प्रदेशात जून ते ऑगस्ट या काळात साधते; तामिळनाडूच्या किनारी भागात ऑक्टोबरपासूनचा ईशान्य मोसमी पाऊस अधिक उपयोगी. सफरचंद, पीच, अलुबुखार ही पानगळीची झाडे हिमाचल, उत्तराखंड व काश्मीरमध्ये हिवाळ्यातील सुप्तावस्थेत, बहुधा मुळांवर माती न ठेवता विकली जातात. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेंडुला ही हिवाळी हंगामी फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावली जातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरतात. ग्लॅडिओलसचे कंद मैदानात सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर पहाडी भागात मार्च-एप्रिलमध्ये लावतात.

आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळील कडियम, आंब्यासाठी उत्तर प्रदेशातील मलिहाबाद, केरळमधील मण्णुत्ती, ऑर्किड व निवडुंग यांसाठी पश्चिम बंगालमधील कालिम्पाँग ही रोपवाटिकांची नामांकित केंद्रे. कडियमची रोपे मालमोटारींतून देशाच्या दूरदूरच्या शहरांत पोहोचतात. गोदावरीच्या दमट त्रिभुज प्रदेशात वाढलेले रोप थेट दख्खनच्या कोरड्या वाऱ्यात वा दिल्लीच्या उन्हात ठेवले तर ते पाने टाकते. विक्रेत्याने ते काही आठवडे स्थानिक हवामानात सावलीखाली ठेवले होते काय, हे विचारणे म्हणून महत्त्वाचे. जातीच्या निवडीत घराच्या जागेचे माप निर्णायक ठरते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेहरी व नीलम यांच्या संकरातून काढलेली 'आम्रपाली' ही ठेंगणी जात लहान अंगणात सामावते. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात निवड झालेला 'सरदार' (लखनौ-४९) पेरू छाटणीने आवाक्यात राहतो.

जात ओळखता येत नसली तरी रोपाचे आरोग्य ग्राहकाला पाहता येते. कलमाचा सांधा पूर्ण भरलेला, एकजीव असावा. त्यावरील प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहून खोडात रुतलेली नसावी. सांध्याच्या खालून फुटलेला कोंब ही खुंटाची फूट असते. ती जोमाने वाढून वरचे कलम मारते आणि मालकाला झाड वाढत असल्याचाच आनंद होत राहतो. गुलाबाच्या बाबतीत ही फसगत सर्वाधिक आढळते. पिशवीच्या तळाशी मुळांची गुंडाळी झाली असेल तर रोप पिशवीत फार काळ राहिलेले आहे. असे झाड जमिनीत लावल्यानंतरही नीट मूळ धरीत नाही. उंच, सडपातळ रोपापेक्षा बुटके, जाड खोडाचे रोप पसंत करावे. पानांची खालची बाजू उलटून पाहिली तर खवले कीड, पिठ्या ढेकूण व पांढरी माशी तेथेच सापडतात. फुलांनी लगडलेले हंगामी रोप ग्राहकाला ओढून घेते. पण ते आपला बहर रोपवाटिकेतच खर्चून आलेले असते. कळ्या नुकत्याच धरू लागलेले, फांद्या फुटलेले रोप अधिक काळ फुलते.

भाजीपाल्याच्या बियांच्या पाकिटावरील माहिती वाचण्याची सवय नसते. पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी आणि सत्यदर्शक बियाण्यास हिरवट रंगाची खूणचिठ्ठी असते. बाजारातील लहान पाकिटे बहुधा सत्यदर्शक प्रकारची, म्हणजे उत्पादकानेच स्वतःच्या जबाबदारीवर माहिती दिलेली असतात. उगवणक्षमतेची किमान मर्यादा टोमॅटोसाठी ७० टक्के, भेंडीसाठी ६५ टक्के आहे. दहा बियांतील सातच उगवल्या तर ती फसवणूक नव्हे. चाचणीचा दिनांक व वैधता मात्र पाहावी. संकरित वाणाच्या फळातून बी राखून पुढील वर्षी पेरल्यास तीच फळे मिळत नाहीत. परसबागेत बी राखावयाचे असेल तर सरळ वाण घ्यावा. बियाण्याचा उत्पादकापासून विक्रेत्यापर्यंतचा माग ठेवण्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये 'साथी' हे पोर्टल सुरू केले.

मातृवृक्षापासून सुरुवात

आतापर्यंतच्या उपायांत ग्राहकाने रोप तपासणे गृहीत धरले होते. विषाणूंपुढे ही पारख निष्प्रभ ठरते. विषाणूबाधित झाडाची काडी घेतली की तिच्यापासून झालेले प्रत्येक कलम बाधित होते, सुरुवातीस ते निरोगी दिसते आणि कोणत्याही फवारणीने ते बरे होत नाही. ऊतिसंवर्धित रोपांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था उभी केली. केळीची रोपे विषाणूंसाठी तपासून घेण्याची सोय तिच्यामुळे झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय बागवानी मंडळ रोपवाटिकांना मान्यता व तारांकित मानांकन देते. ही मान्यता ऐच्छिक असली तरी अकरलॉफ यांनी दाखविलेल्या बाजारपेठेत चांगल्या विक्रेत्याला आपले वेगळेपण दाखविण्याचा तोच एक मार्ग असतो. स्पेन्स यांच्या संशोधनातील 'संकेत' ही संकल्पना नेमकी येथे लागू पडते.

याच्याही मागे जाऊन मातृवृक्षच निरोगी करण्याचा प्रयत्न म्हणजे स्वच्छ रोप कार्यक्रम. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी १,७६५.६७ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमास मंजुरी दिली. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग म्हणून राष्ट्रीय बागवानी मंडळ व भारतीय कृषी संशोधन परिषद तो राबवितात. देशात नऊ स्वच्छ रोप केंद्रे उभारण्याची योजना असून द्राक्षासाठी पुणे, लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर व बिकानेर, डाळिंबासाठी सोलापूर, समशीतोष्ण फळांसाठी श्रीनगर व मुक्तेश्वर, तर आंबा व पेरू यांसाठी बंगळूर व लखनौ ही स्थाने निश्चित करण्यात आली. झाडांची विषाणूंसाठी चाचणी करणे, उष्णता उपचार व वाढबिंदूचे ऊतिसंवर्धन यांच्या साहाय्याने विषाणूमुक्त झाड मिळविणे आणि त्याची काडी रोपवाटिकांना पुरविणे, अशी या केंद्रांची साखळी आहे. रोपांच्या प्रमाणीकरणाचा आधार १९६६ चा बियाणे अधिनियमच राहणार आहे.

कार्यक्रमाचा पहिला लाभ व्यापारी बागायतदारास मिळणे स्वाभाविक आहे, कारण हजारो कलमे एकदम घेणारा ग्राहक प्रमाणपत्र मागू शकतो. एक-दोन कलमे घेणारे कुटुंब या साखळीच्या अगदी शेवटी उभे असते. त्याच्यापर्यंत स्वच्छ रोप पोहोचावयाचे तर शहरालगतच्या लहान रोपवाटिकांना प्रमाणित काडी परवडेल अशा दरात मिळावी लागेल आणि विकलेल्या प्रत्येक कलमावर तिचा उगम नोंदलेली चिठ्ठी सक्तीची करावी लागेल. शोभेच्या झाडांचा या कार्यक्रमात समावेश नाही. गुलाबाचे कलम घेणाऱ्यास आजही सांधा, मुळे व पानांची मागील बाजू पाहून, पावती मागून घेऊनच खरेदी करावी लागते.